दहा सत्रांत माणूस चालायला शिकत नाही

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक आणि रुग्णालय व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
नागपूर

विषय : पक्षाघाताच्या रुग्णांच्या चालण्याच्या व्यायामोपचारांवर घातलेली दहा सत्रांची मर्यादा मागे घेण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्याच्या अखेरीस आपल्या फिजिओथेरपी विभागाच्या दारावर एक सूचना चिकटवण्यात आली. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाला यापुढे जास्तीत जास्त दहा सत्रे मिळतील, त्यानंतरचे व्यायाम नातेवाइकांनी घरी करून घ्यावेत, विभाग सकाळी दहा ते एक एवढाच वेळ उघडा राहील आणि तळमजल्यावरचे व्यायामाचे दालन नोंदणी कक्षाला द्यायचे असल्यामुळे विभाग दुसऱ्या मजल्यावर हलवला जाईल, असे तिच्यात लिहिले होते. यांपैकी एकाही निर्णयाचे कारण दिलेले नव्हते. ही सूचना मी माझ्या यजमानांच्या शेजारी उभी राहून वाचली. फाटकापासून त्या दारापर्यंत ते काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी आले होते, आणि ते चालणे त्यांनी त्याच दालनात महिनोन्‌महिने घाम गाळून परत मिळवलेले होते. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. एक तर याच इमारतीत माझ्या यजमानांचा जीव वाचला, आणि ते ऋण मी विसरणार नाही. दुसरे असे की, त्या दालनाबाहेरच्या बाकावर कामठी, हिंगणा, उमरेड, कळमेश्वर अशा चारी दिशांहून आलेल्या माणसांबरोबर बसून मी जे ऐकले, त्यावरून ही उपेक्षा एकाच इमारतीपुरती आहे असे मला वाटत नाही.

माझे यजमान शिवणकाम करतात. महालात त्यांचे छोटे दुकान आहे. गेल्या वर्षी मारबतीच्या दिवशी, इतवारी-महालचे रस्ते मिरवणुकीच्या गर्दीने तुडुंब भरलेले असताना, कापड बेतता बेतता त्यांच्या डाव्या हातातून कैची निसटली आणि ते स्टुलावरून डावीकडे कलंडले. शेजारच्या दुकानातल्या मुलांनी त्यांना उचलून गल्लीबोळांतून बाहेर काढले, पुढे ऑटो मिळाला, आणि दोन तासांच्या आत आम्ही आपल्या तातडीच्या विभागात पोहोचलो. स्कॅन झाले, मेंदूत रक्तस्राव नसून गुठळी अडकली आहे हे कळले, आणि साडेचार तासांची मुदत टळण्याआधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले. त्या दिवशी ज्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी जेवणाची वेळ न पाहता धावपळ केली, त्यांचे आभार मी पुन्हा एकदा मानते. माझी तक्रार त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

नवव्या दिवशी आम्हाला घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे, वेळा, उपाशीपोटी की जेवणानंतर, सारे व्यवस्थित लिहिलेले होते. सर्वांत खाली एक ओळ होती : ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे.’ कुठे, किती दिवस, रोज किती वेळ, कोणता व्यायाम करायचा आणि कोणता टाळायचा, यांतले काहीही नव्हते. रक्तदाबाच्या गोळीचे मिलिग्रॅम लिहिले जातात, पण ज्या उपचाराने माणूस अंथरुणातून दारापर्यंत जाणार त्याचे माप लिहिले जात नाही, ही माझी पहिली तक्रार आहे.

त्या एका ओळीने काय होते, ते आमच्या घरात झाले. मी त्यांना खाटेवरून उठवताना डावा हात धरून ओढत असे, कारण तो हात माझ्या बाजूला होता आणि मला ते सोयीचे वाटत होते. लुळ्या पडलेल्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधारावाचून खाली उतरलेला असतो, आणि त्या हाताला ओढ बसली की सांधा आणखी निसटतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. बारा-तेरा दिवसांनी त्यांना रात्री कुशीवर वळता येईना. खांद्याचे ते दुखणे पुढे चार महिने राहिले, आणि त्या दुखण्यापायी उभे राहण्याच्या व्यायामातले कितीतरी दिवस वाया गेले. मी मन लावून सेवा करत होते आणि ती सेवा करताना त्यांना इजा करत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. काही करायला सांगितले की त्यामागचे कारण वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून सूचनेतले ‘नातेवाइकांनी घरी करून घ्यावेत’ हे वाक्य वाचल्यावर मी या विषयात काय सिद्ध झाले आहे ते शोधले. योगायोगाने नेमक्या याच प्रश्नावरचा एक मोठा अभ्यास आपल्याच देशात झालेला आहे. ‘अटेंड’ या नावाचा हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतातल्या १४ रुग्णालयांमधील १२५० रुग्णांपैकी निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना नेहमीच्या उपचारांखेरीज व्यायाम शिकवून, ते घरी करून घेण्याचे काम सोपवण्यात आले होते. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. घरच्यांनी काही करू नये, असा याचा अर्थ नाही. रोजचा सराव घरीच होतो आणि तो आम्ही करतोच. पण जाणत्या माणसाची जागा घरच्या माणसाला घेता येत नाही, हे मोठ्या कष्टाने आणि आपल्याच लोकांवर तपासून झालेले असताना, आपण उपचाराचा सारा भार नेमका तिथेच टाकत आहात. ही दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार दहा या आकड्याची आहे, आणि हे पत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

मेंदूचा जो भाग मेला तो परत जिवंत होत नाही. त्याच्या आजूबाजूचे आणि काही प्रमाणात पलीकडच्या बाजूचे भाग हळूहळू ते काम शिकतात, आणि ते शिकणे तीच क्रिया पुन्हा पुन्हा केल्यानेच होते. पायाला करंट लावून, शेक देऊन किंवा खाटेवर पडल्या पडल्या दुसऱ्याने पाय वर-खाली करून चालणे येत नाही. चालणे येण्यासाठी उभे राहावे लागते, तोल जाऊ द्यावा लागतो, तो सावरावा लागतो आणि पाऊल टाकावे लागते. आपल्या दालनातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हेच केले. पहिले आठवडे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, मग त्याहून बुटकी खुर्ची, मग स्टूल. नंतर समांतर दांड्यांच्या मध्ये उभे राहून शरीराचा भार डाव्या पायावर घेणे. यजमानांचा डावा पंजा लोंबत असे, त्यामुळे पाऊल पुढे टाकताना बोटे फरशीला घासत, आणि ती घासू नयेत म्हणून ते कंबर उचलून पाय अर्धवर्तुळात बाहेरून फिरवून आणत. भार पडला की गुडघा मागे झटका खाई. मॅडम खाली बसून त्या गुडघ्यामागे तळहात धरत आणि म्हणत, “काकाजी, घाई नको जी. आधी टाच, मग पंजा.” हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकले असेल, सांगता येणार नाही. घोट्याला आधार देणारा स्प्लिंट त्यांनीच मापाने करवून घेतला. पुढे जमिनीवर ठेवलेली वीट ओलांडणे, एका बाजूने चालणे, वळणे, पायऱ्या.

दालनात दहा मीटर अंतराच्या दोन रेघा होत्या. पूर्वी लावलेली पट्टी झिजून गेली होती, म्हणून यजमानांनी आपल्या डब्यातला शिवणकामाचा निळा खडू दिला आणि मी त्यांच्याच टेपने अंतर मोजून रेघा पुन्हा मारल्या. दर दोन आठवड्यांनी मॅडम घड्याळ लावून ते अंतर त्यांना चालायला लावत आणि वहीत सेकंद लिहीत. पहिल्यांदा आधाराने चालता आले त्या दिवशी ४८ सेकंद लागले. दहाव्या सत्राला ४१. बारा आठवड्यांनी २२. गेल्या महिन्यात १३.

या आकड्यांचा अर्थ आपल्याला माझ्याहून चांगला कळतो, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा रुग्ण बहुधा घराच्या चार भिंतींतच राहतो, ०.४ ते ०.८ या दरम्यानचा रुग्ण आसपास थोडेफार फिरू शकतो, आणि त्यापुढच्याला बाहेर मोकळेपणाने वावरता येते, अशी विभागणी या क्षेत्रात रूढ आहे. दहाव्या सत्राला यजमानांचा वेग ०.२४ होता. १२ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला त्यांना तेव्हा ४९ सेकंद लागले असते. आज १६ सेकंदही लागत नाहीत. आपली सूचना गेल्या वर्षी लागू असती, तर त्यांचा केसपेपर ४१ सेकंदांवर बंद झाला असता आणि महालातले ते दुकान आज दुसऱ्या कुणाचे झाले असते. आता ते दुकान रोज तीन तास उघडते. घरापासून तिथवर ते चालत जातात, वाटेत एकदा ओळखीच्या ओट्यावर टेकतात.

खर्चाचा मुद्दा आपण काढाल, आणि तो गैर नाही, म्हणून त्यावरही लिहिते. शरीराचे वजन पट्ट्यांनी वर उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलसारखी महाग यंत्रे आपल्याकडे नाहीत, तेव्हा जास्त सत्रे देऊन काय साधणार, असे मला एका जबाबदार व्यक्तीने ऐकवले. या यंत्रावरच्या उपचाराची तुलना अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झाली असून ती २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. काहींना पक्षाघातानंतर दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर चालवले, काहींना सहा महिन्यांनी, आणि उरलेल्यांकडून फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे व तोलाचे साधे व्यायाम करून घेतले. वर्षअखेरीस ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या आधीपेक्षा वरच्या पातळीवर पोहोचलेले होते आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे यंत्र नसले तरी चालते. पण तिन्ही गटांना एक गोष्ट सारखी मिळाली होती : जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली प्रत्येकी ९० मिनिटांची ३६ सत्रे.

त्याच अभ्यासातून आणखी एका समजुतीला उत्तर मिळते. ‘सहा महिने झाले, आता जेवढे व्हायचे तेवढे झाले’ हे वाक्य आमच्या बाकावर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने कुठे ना कुठे ऐकलेले आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो, हे खरे. पण सहा महिन्यांनी सुरुवात केलेले रुग्णही त्या अभ्यासात सुधारले. माझ्या यजमानांचे २२ चे १३ सेकंद चौथ्या महिन्यानंतरच झाले. रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना हे वाक्य ऐकवणे थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण ते ऐकल्यावर माणूस प्रयत्न सोडतो आणि मग ते वाक्य खरे ठरते.

घाई करा, पहिल्याच दिवशी उभे करा, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवण्याचा प्रयोग ‘अव्हर्ट’ या अभ्यासात झाला आणि २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा अशा रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट थोडी वाईट आढळली. व्यायामालाही औषधासारखी वेळ आणि मात्रा असते. म्हणूनच ती मात्रा सूचनाफलकाने नव्हे, रुग्णाला तपासणाऱ्याने ठरवावी.

जागेबद्दल आणि वेळेबद्दल थोडक्यात. दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी एकच लिफ्ट आहे, ती स्ट्रेचरांसाठी लागते आणि अधूनमधून बंद असते. ज्याला एक पायरी चढता येत नाही, त्याला चालायला शिकण्यासाठी दोन जिने चढावे लागतील. दहा ते एक ही वेळ मे महिन्यात म्हणजे काय, हे नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना रक्तदाबाच्या रुग्णाला दुपारी एक वाजता ऑटोची वाट पाहत फाटकाशी उभे करावे लागते. शिवाय सोबत येणाऱ्याची रोजी बुडते. कळमना बाजारात हमाली करणारा एक मुलगा वडिलांना घेऊन येत असे. संध्याकाळची वेळ बंद झाल्यापासून तो आलेला नाही. शेवटी भेटला तेव्हा, गावाकडे कबुतराचे रक्त चोळणारा कुणी आहे, त्याच्याकडे वडिलांना नेतो, असे म्हणाला. मी त्याला पुष्कळ समजावले. पण त्याच्याजवळ दुसरा कोणता मार्ग उरला आहे, या त्याच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २७ ने शासन आणि स्थानिक प्राधिकरणांवर, आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, पुनर्वसनाच्या सेवा देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. क्षमतेची मर्यादा मला मान्य आहे. मात्र ती मर्यादा सांगण्यापूर्वी आहे त्या साधनांत काय करता येईल, हे पाहिले गेले असे मला दिसत नाही. ब्रिटनमधल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघाताच्या रुग्णाला सर्व प्रकारचे पुनर्वसन मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस द्यावे असे म्हटले आहे. तेवढे आज मागण्याइतकी मी अव्यवहारी नाही.

मी जे मागते आहे ते असे. दहा सत्रांची सूचना काढून टाकावी आणि सत्रांची संख्या रुग्णाच्या प्रगतीवरून ठरावी. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, दर दिवशी निदान पाऊण तास उभे राहण्याचा आणि चालण्याचा सराव मिळावा आणि जोवर दहा मीटरचे सेकंद कमी होत आहेत तोवर कुणाचाही केसपेपर बंद करू नये. दालन तळमजल्यावरच राहावे.

डिस्चार्ज कार्डाबरोबर चालण्याच्या उपचाराचा एक कागद मराठीत मिळावा, त्यावर त्या दिवशीचा चालण्याचा वेग, पुढच्या भेटीची तारीख, करायचे व्यायाम आणि टाळायच्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, आणि घरी सोडण्यापूर्वी नातेवाइकाकडून रुग्णाला उठवून, बसवून घेऊन तो ते नीट करतो की नाही हे पाहावे. खांद्याबद्दलची सूचना त्या कागदावर सर्वांत वर असावी.

मनुष्यबळ कमी असेल तर गटाने व्यायाम घ्यावेत. एका ठिकाणी उठणे-बसणे, दुसऱ्या ठिकाणी पायरी, तिसऱ्या ठिकाणी वीट ओलांडणे, अशी पाच-सहा ठिकाणे मांडून सहा रुग्णांना आळीपाळीने फिरवले, तर एक फिजिओथेरपिस्ट आणि एक मदतनीस पुरतात. चालता येणाऱ्या रुग्णांना अशा गटव्यायामाने फायदा होतो, सहा मिनिटांत कापलेले अंतर सरासरी ६० मीटरच्या आसपास वाढते, हे अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली मांडले गेलेले आहे. आमच्या बाकावरच्या माणसांनी एकमेकांना धीर देण्याचे काम तर आधीपासूनच चालवलेले आहे.

संध्याकाळी चार ते सात ही वेळ पुन्हा सुरू करावी, आणि मार्च ते जून या काळात सकाळी सातला दालन उघडावे. किती रुग्ण प्रतीक्षेत आहेत आणि किती जणांनी मध्येच येणे सोडले, याचा आकडा दर महिन्याला त्याच दारावर लावावा. सोडून गेलेल्यांना एकदा फोन करावा. आणि शहराच्या दहाही झोनमधील किमान एकेका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, असा प्रस्ताव आपल्या समितीने लेखी स्वरूपात महानगरपालिकेकडे आणि राज्याच्या आरोग्य विभागाकडे पाठवावा. रुग्णालयाच्या शब्दाला तिथे जे वजन आहे, ते आमच्या अर्जाला नाही.

निर्णय घेण्यापूर्वी समितीच्या सदस्यांनी एकदा त्या दालनात यावे आणि एका रुग्णाचे एक संपूर्ण सत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे. निळ्या खडूच्या रेघा अजून तिथे आहेत. येत्या पोळ्यापूर्वी आपले लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली,
एका रुग्णाची पत्नी आणि शिक्षिका
महाल, नागपूर